चार अक्षरांचे शहर

एकदा एका तांबटाला जुन्या नाण्यांचे वेड लागले. तेही सोन्याचांदीच्या नव्हे, तर रोमन साम्राज्यातल्या दूरदूरच्या शहरांनी आपापल्या टांकसाळीत पाडलेल्या काशाच्या नाण्यांचे. दिवसभर घंगाळी ठोकून झाली, की हा माणूस एका निवृत्त गुरुजींकडे जाऊन भिंगाखाली ग्रीक अक्षरे लावीत बसे. घरचे म्हणत, याचे डोके फिरले आहे. आणि ते फारसे चुकत नव्हते.

या नाण्यांची मौज अशी, की एका बाजूला सम्राटाचा चेहरा असे आणि दुसऱ्या बाजूला त्या शहराचे स्वतःचे काहीतरी. कुणाचे देऊळ, कुणाची नदी, आणि कडेने शहराचे नाव. सम्राट सगळ्यांचा असला तरी नदी ज्याची त्याची होती.

एका मातकट नाण्यावर तांबटाला पाणी सांडणाऱ्या घागरीला टेकून पहुडलेला नदीदेव सापडला. बाभळीच्या काट्याने कण कण माती काढता काढता कडेची चार अक्षरे उघडी पडली आणि त्याने गुरुजींची सगळी पुस्तके चाळली. त्या चार अक्षरांनी सुरू होणारे एकच शहर गुरुजींच्या पुस्तकांत होते, आणि त्या शहराला नदीच नव्हती. म्हणजे हे दुसरेच शहर, कोणत्याही यादीत नसलेले! येत्या रविवारी संग्राहकांच्या मंडळात पूर्ण नाव सांगता आले, तर शोध त्याच्या नावावर लागणार होता. त्याला जेवण गोड लागेना. मात्र पुढची अक्षरे हिरव्या किटणात होती, आणि ते किटण काट्याला दाद देईना.

तिसऱ्या दिवशी तांबटातला तांबट जागा झाला. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या, भांड्यात तोंड दिसेपर्यंत काम पुरे झाले असे कुणी म्हटले नव्हते. त्याने वाटीत चिंच आणि मीठ कालवले आणि तडक गुरुजींचे घर गाठले. शहराचे नाव उजेडात येताना गुरुजी समोर हवेत, एवढीच त्याची इच्छा होती.

गुरुजींनी वाटीकडे पाहिले आणि कपाटातून मखमलीची डबी आणली. आत एक लखलखीत चकती होती. "वाच," ते म्हणाले.

तांबटाने ती उलटसुलट केली. ना सम्राट, ना देव, ना अक्षर. शेवटी तो प्रामाणिकपणे म्हणाला, "गुरुजी, झिलई मात्र उत्तम आहे."

"मीच केली. तुझ्याच वयाचा होतो. त्यावर एका शहराच्या नावाची सुरुवातीची अक्षरं होती आणि पुढची किटणात होती. मला ती त्याच दिवशी हवी होती." गुरुजींनी चकती हातात घेतली. "अरे, एवढी शतकं मातीत राहिल्यावर वरचा धातू उरत नाही. त्याचंच किटण होतं, आणि अक्षर त्या किटणातच तगून राहतं. मी ज्याला मळ समजून घासलं, तेच ते अक्षर होतं. पुढे सात वर्षांनी, माझ्या नाण्याबद्दल ऐकून, परदेशातून एका संग्राहकाचं पत्र आलं. त्याला त्याच ठशाचं नाणं मिळालं होतं. त्याच्याकडे नावाचा शेवट होता, तो माझ्याकडे सुरुवातीच्या अक्षरांचा ठसा मागत होता. मी त्याला काय दाखवणार होतो? आपल्याला जेवढं वाचता आलं तेवढं वाचावं. उरलेलं, ज्याला पुढे वाचता येईल त्याच्यासाठी जपून ठेवावं."

तांबटाने नाणे पुन्हा खिशात ठेवले. मग त्याने उठून वाटी मोरीत रिकामी केली. मोह मात्र अजून गेला नव्हता.

रविवारी मंडळात त्याची पाळी आली. त्याने नाणे किटणासकट भिंगाखाली ठेवले, नदीदेव दाखवला आणि चार अक्षरे मोठ्याने वाचली. सगळे खुर्च्या सरकवून पुढे झुकले. कुणीतरी अधीरपणे विचारले, पुढे काय?

"पुढे अजून आहे," तांबट म्हणाला. "मला ते वाचता येत नाही."

आणि हे सांगताना त्याला जराही कमीपणा वाटला नाही.