मानेखालची पाचर

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. मोठा शूर, पण उशाखाली तलवार घेतल्यावाचून त्याला झोप येत नसे. एकदा एक जादूगार दरबारी आला आणि तांब्याचा मोर देऊन गेला. जाताना म्हणाला, "राजा, ज्याच्या मनात काही दडलंय, त्याच्याकडे वळून हा ओरडेल. बसवणाऱ्याने याच्यासमोर आपल्या मनातलं खरं सांगितलं, की याची जादू सरेल."

मोर राजवाड्यापुढच्या चौथऱ्यावर बसला. आठवड्यात दोन चोर सापडले आणि नगराने साखर वाटली. मग दवंडी पिटली: मोर ज्याच्यावर ओरडेल त्याला शिपायांनी विचारपूस न करता बांधावं आणि पौर्णिमेला वेशीपलीकडच्या खारट रानात सोडावं. त्या रानातून कुणी परत आलेलं नव्हतं. वेशीवर पाटी लागली, "कर नाही त्याला डर कशाला." शिवाय माणसं भेटली की रामराम सोडून "निर्धास्त!" म्हणायचं, असाही हुकूम निघाला.

लोक निर्धास्त म्हणत आणि चौथऱ्याजवळून मान खाली घालून झपाझप पुढे जात. मोर ओरडे. जितके बांधले जात, तितका उरलेल्यांना घाम फुटे आणि मोर आणखी ओरडे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! राजा मात्र म्हणे, "बघा, राज्यात गुन्हेगार किती माजलेत!"

एकट्या आवडी तांबटिणीवर मोर कधी ओरडला नव्हता. दर सोमवारी चिंचेच्या कोळाने ती त्याला घासून लख्ख करी. ज्याला आपणच घासतो, त्याला काय भ्यायचं? त्याच्या मानेखाली लोखंडी पाचर आहे, हेही तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मोर राजवाड्याकडे वळू लागला, तेव्हा कोतवालाने ती घाईघाईने ठोकली होती; तेव्हापासून मान तेवढ्या बाजूला फिरत नसे.

एके दिवशी मोर तिच्या नवऱ्यावर, धोंडजीवर ओरडला. पौर्णिमा परवावर आली होती. आवडी नदीकाठी बसून रडू लागली. जवळच्या दगडावरची टिटवी म्हणाली, "काय झालं, बाई?"

"मोराने माझा माणूस नेला. त्यांच्या हातून राणीसाहेबांच्या घंगाळाला पोचा पडला होता. घाबरून मलासुद्धा सांगितलं नाही त्यांनी, बांधून नेताना कळलं."

"मोराला चोरी कळत नाही. लपवलेली भीती कळते. मी दिवसभर ओरडून भीती सांगते. माझ्यावर ओरडलाय का तो कधी?"

आवडीने डोळे पुसले आणि ती तडक चौथऱ्यापाशी गेली. राजा तिथेच, राजवाड्याच्या पायरीवर, न्यायाला बसला होता.

"महाराज, मोर चुकतो."

"मग त्याच्यासमोर तीनदा उभी राहा. तिन्ही वेळा गप्प राहिला, तर नवरा सुटेल. एकदा जरी ओरडला, तर तूही रानात जाशील."

आज पहिल्यांदाच ती मोरापुढे भ्याली होती. मोराने चोच उघडली. आवडी मोठ्याने म्हणाली, "माझा माणूस परत येणार नाही, याची मला भीती वाटते." मोराने चोच मिटली.

दुसऱ्या वेळी राजाने तिच्या मानेवर नागवी तलवार धरवली. "या तलवारीची भीती वाटते," ती म्हणाली. मोर गप्पच.

तिसऱ्या वेळी राजा उठून उभा राहिला. "आणि माझी?"

आवडी म्हणाली, "तुमची सगळ्यांत जास्त, महाराज."

मोर हलला नाही.

"चेटकीण आहे ही! बांधा!" राजा गरजला. राजेच ते, शब्द फिरवायला त्यांना कितीसा वेळ लागतो?

"बांधा. पण आज सोमवार आहे. माझं काम तेवढं करू द्या," असं म्हणत आवडी चौथऱ्यावर चढली आणि तिने पाचर उपसली.

मोराची मान करकरत फिरली, थेट राजाकडे. तो असा ओरडला की कबुतरं उडाली. सर्वांत जुना शिपाई दोर घेऊन पुढे आला. "महाराज, विचारपूस करायची नाही, असा आपलाच हुकूम आहे."

"निर्धास्त!" राजा ओरडला. मोर दुप्पट ओरडला. राजाची पाचावर धारण बसली. तो मटकन खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मला भीती वाटते. तुम्हा सगळ्यांची. पहिल्या दिवसापासून."

मोर थांबला. आवडीने बोटाने टिचकी मारली, तर साध्या भांड्यासारखा वाजला. त्याच दुपारी बंदीखाना उघडला आणि वेशीवरची पाटी उतरली.

धोंडजी घरी आला आणि सवयीने म्हणाला, "निर्धास्त!"

आवडीने ताट वाढलं. "आता खरं सांगा."

"फार भ्यालो गं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. तीही रडली. मग दोघं पोटभर जेवली.

मोर वितळवून त्याची घंगाळं केली. पहिलं घंगाळ धोंडजीने स्वतः राणीकडे नेलं आणि आधी जुन्या पोच्याची गोष्ट सांगितली. टिटवी अजून दिवसभर ओरडते. इतर मुलखांत लोक तिला अशुभ म्हणून हाकलतात. त्या राज्यात मात्र तिला कुणी दगड मारत नाही.