उंदरीचं कणीस आणि गुरुजींचं उपरणं

ज्वारीच्या रानात एक उंदरी होती. स्वतःच्या शेपटीपेक्षाही आखूड.

तिने एक कोवळं कणीस बिळाशी आणून ठेवलं. आत जाऊन बाहेर आली, तर कणीस नाही.

रानात बालवाडीची पोरं आली होती. जाळ कसा करायचा, जाळापाशी कसं वागायचं, ते शिकायला. शिकवायला भिकोबा गुरुजी. कणीस पोरांनीच उचललं होतं.

उंदरी गेली तुरुतुरु. "गुरुजी, माझं कणीस द्या."

गुरुजी म्हणाले, "कणसांच्या ढिगात गेलं. तुझं कुठलं, कसं ओळखू? आगटी पेटू दे. भाजून हुरडा देतो."

आगटी म्हणजे शेण्या रचलेला खड्डा.

उंदरी गेली तुरुतुरु. "आगटी आगटी, पेट गं. मला हुरडा मिळेना."

आगटी म्हणाली, "काडी शिलगल्याशिवाय? शहाणीच आहेस."

उंदरी गेली तुरुतुरु. "काडी काडी, शिलग गं. आगटी पेटेना, मला हुरडा मिळेना."

काडी म्हणाली, "आधी पाण्याची बादली शेजारी येऊ दे. रान जळलं की नाव माझंच होतं."

उंदरी गेली तुरुतुरु. "बादली बादली, ये गं. काडी शिलगेना, आगटी पेटेना, मला हुरडा मिळेना."

बादली म्हणाली, "आधी पोरं गोल बसू देत. धावतात, आणि मला लवंडतात."

उंदरी गेली तुरुतुरु. "पोरांनो पोरांनो, बसा रे. बादली येईना, काडी शिलगेना, आगटी पेटेना, मला हुरडा मिळेना."

कावेरी नावाची पोर म्हणाली, "गुरुजींचं उपरणं लोंबतंय. जाळापाशी लोंबतं कापड नको. गुरुजींनीच सांगितलंय. ते खोचू देत, मग बसतो."

उंदरी गेली तुरुतुरु. "गुरुजी गुरुजी, उपरणं खोचा हो. पोरं बसेनात, बादली येईना, काडी शिलगेना, आगटी पेटेना, मला हुरडा मिळेना."

गुरुजी म्हणाले, "नियम पोरांना असतात. मी चाळीस वर्षं जाळ करतोय."

"बरं," उंदरी म्हणाली. "मग लोंबतं तेवढं कुरतडून देते." आणि लागली. कुरकुर, कुरकुर.

"थांब, थांब. खोचतो. थंडी वाजतेय म्हणून खोचतो."

गुरुजींनी उपरणं खोचलं. पोरं गोल बसली. बादली आली, डुचुक डुचुक. गुरुजींनी काडी अंगापासून लांब धरून ओढली. काडी शिलगली, फुर्र. आगटी पेटली, तडतड तडतड.

जाळ बसला. निखारे राहिले. कणसं भाजली. गुरुजींनी हातावर मळली.

उंदरीला अख्ख्या कणसाचा हुरडा मिळाला. गरम होता. तिने फुंकर मारली आणि सगळा खाल्ला. मग पोरांनी आगटीवर पाणी ओतलं, चर्र.

गुरुजी घरी गेले. बायकोला म्हणाले, "आज पोरांना उपरणं खोचायला शिकवलं."

पोरांकडे उपरणी नव्हती.