एक बेचकं कमी!

"एक बेचकं कमी आहे!" नीळकंठपंत चिटणीस ओरडले आणि वेताळगडच्या राजवाड्याच्या चौकातल्या साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

चौकाच्या मधोमध विलायतेहून मागवलेल्या घड्याळाची तबकडी आडवी पडली होती, चांगली गाडीच्या चाकाएवढी! उद्या पाडवा. उद्याच घड्याळ मनोऱ्यावर चढायचं होतं. आकडे मात्र सुटे आले होते, पितळेचे तुकडे, एका पेटीत. ते बसवायचं काम पंतांकडे, कारण पुण्यात दोन वर्षं इंग्रजी शिकलेले संस्थानात ते एकटेच. त्या दोन वर्षांची आठवण ते लोकांना दिवसातून दोनदा तरी करून देत.

"कमी म्हणजे?" आबासाहेब महाराजांनी खिशातलं सोन्याचं घड्याळ काढून पाहिलं आणि परत ठेवलं. हा त्यांचा चाळाच होता. "दहा वाजून गेले, पंत! नीट सांगा."

"महाराज, घड्याळापुरत्या रोमन आकड्यांच्या खुणा तीनच. काठी म्हणजे एक. बेचकं म्हणजे पाच. फुली म्हणजे दहा. काठी उजवीकडे ठेवली की मिळवायची, डावीकडे ठेवली की वजा करायची. बेचक्याच्या उजवीकडे काठी, झाले सहा. डावीकडे काठी, झाले चार!"

"मग अडलं कुठे?"

"चार, पाच, सहा, सात, आठ. बेचकी लागतात पाच, आणि पेटीत आहेत चार! घाटात गाडी कलंडली, पेटीचं झाकण उचकटलं, असं हा भिवाजी गाडीवान स्वतःच सांगतो. पितळ पाहून याचीच बुद्धी फिरली!"

भिवाजीने हात जोडले. "देवाशपथ सरकार, म्या नुसतं झाकान दोरीनं बांधलं!"

महाराज तापले. एकदा तापले की कुणाचं ऐकायचे नाहीत. "बारा वाजता नौबत झडेल. तोवर बाराही आकडे तबकडीवर दिसले पाहिजेत! नवा तुकडा घडवायचा नाही, पेटीतला एकही उरायचा नाही. नाहीतर भिवाजीचे बैल सरकारजमा, आणि तो संस्थानाबाहेर!"

भिवाजीने महाराजांचे पाय धरले. त्याच्यामागे त्याची लेक सारजा उभी होती. घाटातून दुसरी गाडी हाकत आणली होती ती हिनेच. चार माणसांत बोलायला ती कधी भ्यायली नाही, मग बापावर आळ आल्यावर कशी भिणार? ती पुढे झाली.

"म्हाराज, मी मांडू का आकडं?"

पंत फिस्सकन हसले. "अगं, मला दोन वर्षं लागली!"

"मला तुमी आत्ताच शिकवलं की! उजवीकडची काठी घालती, डावीकडची खाती. त्यात दोन वर्सं कशात गेली?"

चौकात खसखस पिकली. पंतांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सारजा पेटीजवळ बसली आणि तुकडे मोजू लागली.

"पंत, तुमच्या मांडणीत काठ्या किती उरल्या?"

"तीन."

"म्हंजी चोरानं एक बेचकं नेलं, आन वर तीन काठ्या ठेवून गेला? असा चोर गावाला मिळाला तर दाराला कडी कशाला लावावी!"

"वजन भरावं म्हणून ठेवल्या असतील!"

"या तिन्हीला विलायती पितळेचीच झळाळी हाय. घाटात काय पितळेची झाडं हायेत, पंत?"

महाराजांच्या मिश्या हलल्या, पण ते हसले नाहीत. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. अकरा वाजून गेले होते!

सारजाने तुकड्यांचे तीन ढीग केले. काठ्या वीस, बेचकी चार, फुल्या चार. तिने प्रत्येक ढीग पुन्हा एकदा मोजला. मग तिचा चेहरा खुलला आणि हात भराभर चालू लागले.

पाचपासून आठपर्यंत तिने एकेक बेचकं ठेवलं. चार बेचकी संपली! नवापासून बारापर्यंत एकेक फुली ठेवली. चार फुल्या संपल्या! मग त्यांना लागतील तशा काठ्या जोडल्या. नवाला डावीकडे एक, अकराला उजवीकडे एक. उरल्या बरोबर दहा काठ्या. एकाला एक, दोनाला दोन, तिनाला तीन आणि चाराला, सरळ चार!

पेटी रिकामी! भिवाजीने उठून दोनदा आत डोकावून पाहिलं.

"चूक! साफ चूक!" पंतांनी आपलं इंग्रजीचं पुस्तक उघडून पुढे आपटलं. "चार काठ्यांचे चार? माझ्या पुस्तकात असं कुठेही नाही!"

"पुस्तकात नसंल. पण हे घड्याळ पुस्तकवाल्यानं केलंय, का घड्याळवाल्यानं?"

"घड्याळवाल्याने. म्हणून काय झालं?"

"मग घड्याळवाल्यालाच इचारू." सारजा महाराजांकडे वळली आणि तिने हात जोडले. "म्हाराज, तुमच्या खिशातलं घड्याळबी विलायतीच ना? त्यात चार कसं काढल्यात, तेवढं बघून सांगा. त्यात बेचकं असंल, तर बैल तुमचं, आन आमी दोघं आत्ताच्या आत्ता संस्थानाबाहेर!"

"सारजे!" भिवाजी कळवळला.

महाराजांनी खिशात हात घातला. झाकण उघडलं. एकदा पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग घड्याळ पंतांच्या नाकासमोर धरलं.

चाराच्या जागी चार काठ्या होत्या, एकीला एक लागून!

पंतांनी पुस्तक हळूच मिटलं. आणि महाराज हसले, असे हसले की फेटा कपाळावर आला!

"वीस वर्षं! वीस वर्षं मी दिवसातून पन्नास वेळा हे घड्याळ बघतोय, आणि चाराकडे कधी पाहिलंच नाही!"

"तुमी काटं बघत व्हता म्हाराज," सारजा म्हणाली. "आकडं बघायची पाळी आमच्यावर आली!"

तेवढ्यात बाराची नौबत झडली. महाराजांनी भिवाजीला हाताला धरून जवळ घेतलं. "भिवाजी, चुकलं माझं. उद्या तबकडी मनोऱ्यापर्यंत तुझ्याच गाडीतून जाईल, बैलांवर माझ्या घोड्याच्या जरीच्या झुली घालून! आणि सारजा, मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायचं काम उद्यापासून तुझं. पगार चिटणिसांइतकाच!"

पंत पुढे सरकले. "आणि मी, महाराज?"

"तुम्ही हिला पन्नास, शंभर, हजार कसे लिहितात ते शिकवा. पण त्याआधी उद्या मनोऱ्यावर चढा आणि चाराच्या चारही काठ्या तुमच्या हाताने ठोकून या!"

"महाराज, शिडी फार उंच आहे!"

"भिऊ नगा पंत," भिवाजी म्हणाला, "खालनं शिडी म्या धरतो!"