रामप्यारीचं वाक्य

“...म्हणजे परत पाठवायचं म्हणता?”

अच्युतबाबांनी विचारलं. आश्रमाच्या ओट्यावर बसून ते नवी झोळी शिवत होते. सुई कापडातच थांबली.

“हो बाबा,” हर्षदा म्हणाली. “वाईट वाटतं. पण शास्त्रापुढे इलाज नाही.”

बोरमाळीच्या त्या महानुभाव आश्रमात थेट पंजाबातूनही माणसं दीक्षा घ्यायला येत. पंथाची वाणी मराठी. गावोगाव हिंडायचं, दारोदार भिक्षा मागायची, तर लोकांशी बोलता आलंच पाहिजे. म्हणून आधी मराठी आणि मग दीक्षा, असा तिथला रिवाज होता.

डॉ. हर्षदा टेकाडे शहरातल्या विद्यापीठातून इथे यायची ती याच लोकांसाठी. परभाषेचं माणूस मराठी वाक्य जुळवायला कसं शिकतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. आधी दोन शब्दांचं वाक्य, मग नकार, मग प्रश्न, असं करत तिने चौदा पायऱ्यांचा एक तक्ता बांधला होता. परदेशातल्या दोन परिषदांत त्या तक्त्याला टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या बाईसाहेबांच्या कानात अजून वाजत होत्या, एवढंच.

तक्त्यात बसत नव्हती ती एकटी रामप्यारी.

होशियारपूरकडची बाई, वय बावन्न. नवरा गेला, मुलं मार्गी लागली, तशी घराची किल्ली सुनेच्या हातात देऊन ती इथे आली होती. आठ महिने हर्षदा दर आठवड्याला तिला समोर बसवून बोलतं करत होती. दुसऱ्या पायरीच्या पुढे गाडी काही सरकेना. अलीकडे तर हर्षदा दिसली की रामप्यारी ओठच मिटून घ्यायची. दीक्षेचा दिवस दोन दिवसांवर आला होता. तिला ठेवायचं की घरी धाडायचं, याचा सल्ला बाबांनी हर्षदाला विचारला होता.

“पालथ्या घड्यावर पाणी आहे, बाबा. या वयात वाक्याची घडण बसत नाही. चोपन्न तासांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ऐकवू?”

“ऐकलंय मी.”

“कधी?”

“तुम्ही शिकवता तेव्हा भिंतीपलीकडेच असतो.”

“मग तुम्हाला काय वाटतं?”

बाबांनी दाताने दोरा तोडला.

“तुमचा आवाज गोड आहे,” ते म्हणाले.

हर्षदाला ती स्तुती वाटली. ती हसलीसुद्धा.

ओट्याखाली रामप्यारी तांदूळ निवडत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. सुपातले तिचे हात केव्हाचे थांबले होते.

बाबांनी उठून नवी झोळी हर्षदाच्या खांद्याला अडकवली.

“आज रामप्यारीबाईंबरोबर भिक्षेला तुम्ही जा. ते यंत्र अन् वही इथंच राहू द्या.”

“मी?”

“आणि परत येईपर्यंत मौन.”

“अहो बाबा, त्यांना बोलता येत नाही आणि मी बोलायचं नाही... मग दारात बोलायचं कोणी?”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

झालं. दोघी निघाल्या.

पहिली तीन दारं निभावली. रामप्यारी हात जोडायची, आतून कोणी ओळखीचं यायचं, झोळीत काही पडायचं. चौथं दार सिंधूबाईचं. सिंधूबाई हाताने सढळ आणि तोंडाने फटकळ. तिच्याशी वाद घालायचा म्हटलं की सरपंचालाही आधी घोटभर पाणी लागायचं.

भाकर घेऊन ती बाहेर आली आणि तिचं लक्ष चष्मेवाल्या पाहुणीकडे गेलं.

“कोन्या गावच्या वो तुम्ही?”

हर्षदाने मान खाली घातली.

“म्या काय इचारलं?”

हर्षदा झोळी सावरत राहिली.

पंजाबी ड्रेस, चष्मा, मनगटावर घड्याळ. हिचं मौन असेल, हे कोणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं. सिंधूबाईने हापशीवरच्या बायांना हाक दिली.

“पाहा वो! शिकल्या बाईले आपल्यासंग बोलाची लाज वाटते. भाकरीसाठी दारात उभी हाय, अन् माज पाहा इचा!”

बाया हसल्या. हर्षदाचं तोंड लाल झालं. उत्तर जिभेवर होतं, एक सोडून दहा होती, आणि एकही देता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सिंधूबाईने पुढे केलेली भाकर मागे घेतली.

“जा. माजोऱ्या झोळीत माही भाकर पडनार नाही.”

“नाही!”

कोण बोललं, ते क्षणभर कोणालाच कळलं नाही.

रामप्यारी पुढे झाली होती. हर्षदाच्या आणि सिंधूबाईच्या मधोमध ती उभी राहिली.

“नाही बाई. हिला... हिला माज नाही. ही...”

अडली.

हर्षदाची जीभ वळवळली. पुढचा शब्द तिच्यापाशी तयार होता. आठ महिने अशा प्रत्येक जागी तिने तो पुरवला होता. चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्ती, अडलं की तिथल्या तिथे शब्द, आणि लगेच पुढचा प्रश्न. तिने आठवून पाहिलं. चोपन्न तासांत रामप्यारीचं एकही वाक्य शेवटापर्यंत गेल्याचं तिला आठवेना. मध्ये कुठेतरी तिचा स्वतःचाच आवाज यायचा.

तिला फार लाज वाटली. तिने झोळीचं टोक दातांत धरलं.

सिंधूबाई वाट पाहत राहिली. हापशी थांबली.

रामप्यारीने श्वास घेतला.

“हिला बाबा बोलला, आज बोलू नको, म्हणून ही बोलत नाही. तू मला काही पण बोल, मी ऐकते. पण जी बाई मला शिकवायला एवढ्या लांबून येते... बसमध्ये उभी राहून येते... त्या बाईला तू माज म्हटली, तर मी तुझी भाकर घेणार नाही!”



ती सरळसरळ तक्त्यातली चौदावी, शेवटची पायरी होती. मधल्या अकरा पायऱ्या कुठे गेल्या, देव जाणे. बाईने एका दमात उडी मारली होती. वाक्यात चुका होत्या. हर्षदाला त्या सगळ्या ऐकू आल्या आणि एकीचंही तिला काही वाटलं नाही.

“आगं माय!” सिंधूबाईने गालावर हात ठेवला. “हे तं बोलते वो! अन् बोलते म्हंजे... माह्याशी भांडते!”

मग ती अशी हसली की गोठ्यातल्या गाईने मान वळवून पाहिलं. आत गेली, एकाच्या दोन भाकरी आणल्या, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि हर्षदाचा हात हातात घेतला.

“चुकलं वो माय माह्यं.”

मग काय विचारता! बातमी दोघींच्या पुढे पळत गेली. पाचव्या दारी घरातली सगळी माणसं आधीच बाहेर येऊन उभी. लेकरं किती, पंजाबात थंडी किती, तिकडे भाकरी खातात की पोळी... गाव विचारत होतं आणि रामप्यारी सांगत होती. अडखळत होती, मध्येच पंजाबी शब्द घुसडत होती, पण घेतलेलं प्रत्येक वाक्य तडीला नेत होती. लोकही थांबत होते. कोणाला घाई नव्हती. सातव्या दारी तर तिने एका सुनेला सुनावलं, “तुझी भाजी चांगली, पण मीठ तू नवऱ्यावर रागावून टाकते काय?” सासू पदर तोंडाला लावून हसली आणि मागोमाग सूनही.

हर्षदा मागून चालत होती. जड झोळी, ओले डोळे आणि चेहऱ्यावर न मावणारं हसू. असा आनंद तिला त्या दोन्ही परिषदांत झाला नव्हता. जिंकली होती रामप्यारी, आणि ऊर हिचा भरून आला होता.

आश्रमाच्या फाटकातून दोघी आत आल्या तेव्हा मागे सिंधूबाई आणि हापशीवरच्या सगळ्या बाया होत्या.

“बाबा,” सिंधूबाईने अंगणातूनच सुरू केलं, “इले परत धाडलं तं पाहा! हे आमच्या गावची हाय आता.”

“मी कोण धाडणारा?” बाबा म्हणाले. “त्यांनाच विचारा.”

सगळ्यांनी रामप्यारीकडे पाहिलं. तिने बाबांना दंडवत घातला. उठली, कपाळावरची माती तशीच राहू दिली.

“मी जाणार नाही,” ती म्हणाली. “बाबा, परवा माझी दीक्षा आहे. तुम्ही विसरू नका.”

बाबा मोठ्याने हसले.

“नाही विसरत.”

बाया टाळ्या पिटत, एकमेकींना तेच पुन्हा सांगत गावाकडे वळल्या. अंगण रिकामं झालं. बाबा हर्षदाकडे वळले.

“ताई, सुटलं तुमचं मौन.”

हर्षदाने झोळी उतरवली. सांगण्यासारखं इतकं साठलं होतं! तिने तोंड उघडलं.

“बाबा, मी... आठ महिने मी त्यांना...”

पुढचा शब्द येईना. भरल्या सभागृहात जिचं एक वाक्य कधी अडलं नव्हतं, ती बाई ओट्याच्या कडेशी उभी राहून ओठ हलवत होती.

“मी...”

रामप्यारी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली. बाबांनी सुईदोरा बाजूला ठेवला, मांडी सारखी केली.

“सावकाश होऊ द्या, ताई,” ते म्हणाले. “आम्ही मध्ये बोलणार नाही.”