सगुणा लोहारणीची गोळी

फार मागे, सह्याद्रीच्या कुशीतल्या हेळरानात घरोघरी ठासणीची बंदूक होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या सगळ्या बंदुकांचं शिसं एकाच बाईच्या हातून जायचं. तिचं नाव सगुणा लोहारीण. शिकारीला निघणाऱ्यानं तिच्या भट्टीपुढे उभं राहायचं आणि ती विचारायची, "कित्याक?" म्हणजे, कशासाठी? रानकोंबड्यासाठी म्हटलं तर ती बारीक छर्रे द्यायची. डुकरासाठी मध्यम गोळी. गव्यासाठी मात्र साचा भरून ओतलेली जड गोळी, आणि तीही एकच. दुसरी मागणाऱ्याला ती घरी बसायला सांगायची. असं म्हणतात, की गोळी तळहातावर घेतली की तिला जनावराच्या काळजाचे ठोके ऐकू यायचे.

गावचे खोत होते दाजीबा. एका सकाळी ते कोंबड्यासाठी म्हणून छर्रे घेऊन गेले. वाटेत गवा दिसला. तसा गवा कुणी पाहिलाच नव्हता, पाठ म्हणजे जणू डोंगराची सोंड. खोतांना राहवलं नाही. त्यांनी छर्ऱ्यांचाच बार काढला.

छर्ऱ्यांनी गवा मरत नाही. ते त्याच्या कातड्याखाली निखाऱ्यांसारखे रुतले, आणि वेदनेनं पिसाळलेला गवा गावच्या पाणवठ्यावर येऊन उभा राहिला. गावाला प्यायला दुसरं पाणी नव्हतं. कळशी घेऊन गेलेल्या दोघांना त्यानं शिंगावर घेतलं. दावणीची गुरं हंबरून हंबरून गप्प झाली. पोरांचे ओठ फुटले.

सगळे सगुणेकडे धावले. भट्टीवर शिसं उरलं नव्हतं, म्हणून तिनं घराघरातून उरलेसुरले छर्रे मागवले आणि ते वितळवून एक गोळी ओतली. दाजीबा मागे उभे होते. बंदूक दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, असं ते म्हणत होते.

"खोतांनू, कोंबो मोठो निघालो काय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

सगुणा हसली नाही. तिनं ती गोळी दाजीबांच्याच तळहातावर ठेवली.

"कित्याक?"

खोतांनी पाणवठ्यावरच्या गव्याकडे पाहिलं. "त्याका सोडवूक," ते म्हणाले.

"मगे जवळ जावा."

दाजीबा शिंगांच्या टप्प्यात गेले. गवा धावला नाही. त्यानं खांदा वळवून पुढे केला. असं म्हणतात, की बार झाला तेव्हा रानातलं पानही हललं नाही, आणि गोठ्यात गाय बसावी तसा गवा गुडघ्यांवर बसला.

गोळी बाहेर काढली तेव्हा ती मुठीएवढी झाली होती. देहातून जाता जाता तिनं सगळे छर्रे वेचून स्वतःला चिकटवून घेतले होते, पोळ्याला माश्या बिलगाव्यात तसे. कातड्याखाली एकही उरला नव्हता. सगुणेनं ती गोळी पाणवठ्यावरच्या पाषाणाखाली पुरली. तेव्हापासून तिथलं पाणी आटलेलं नाही, असं म्हणतात.

आता शिकार बंद आहे, बंदुकाही गेल्या. तरी दसऱ्याला हेळरानातली माणसं आपले कोयते, कुऱ्हाडी, हल्ली गवत कापायची यंत्रंसुद्धा त्या पाषाणापुढे आणतात. लोहारांच्या घरची मुलगी प्रत्येकाला विचारते, "कित्याक?" खरं उत्तर देता आलं नाही, तर हत्यार तिथेच ठेवून परतायचं.

खोतांच्या घरचा माणूस सगळ्यांत शेवटी येतो. त्या दिवसानंतर त्या घरानं हत्यार धरलेलं नाही, म्हणून तो रिकामा तळहात पुढे करतो. मुलगी त्यालाही विचारते. तो तळहात खोलगट करतो. मग ती पाणवठ्याचं पाणी त्या तळहातावर ओतते, आणि तो ते सगळ्या गावासमोर पितो.