तिळू मुंगीची साखर

एक होती मुंगी. तिचं नाव तिळू.

केतकीताईनं चहा केला. ओट्यावर साखरेचा दाणा सांडला. तिळूनं तो उचलला. भिंतीतल्या घरी तिचा बाळभाऊ भुकेला होता. तिळू निघाली तुरूतुरू, तुरूतुरू.

वाटेत साखरेचा डबा. डब्याखाली पाण्याची बशी. मुंग्या लागू नयेत म्हणून केतकीताईच्या आईनं ठेवलेली. तिळू काठावर चढली. वाकून बघायला गेली आणि टुपुक्! दाणा पाण्यात.

दाणा लहान झाला. आणखी लहान झाला. मग दिसेचना! तिळूला रडूच आलं.

"पाणोबा, पाणोबा, माझी साखर खाल्लीत ना? द्या परत!"

"खाल्ली नाही गं. विरघळली. माझ्यातच आहे. मी उडून गेलो, की मागे राहील. पण ऊन आल्याशिवाय मी उडत नाही."

तिळू निघाली तुरूतुरू, तुरूतुरू. खिडकीच्या फटीतून ऊन डोकावत होतं.

"उन्होबा, उन्होबा, आत या ना!
पाणी उडेना,
माझी साखर सुटेना!"

"येईन की. पण खिडकी उघडल्याशिवाय मी येत नाही."

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघडा ना!
ऊन येईना,
पाणी उडेना,
माझी साखर सुटेना!"

"कशी उघडू? माझी बिजागरी लोखंडाची. हवा लागली, ओल लागली, गंज चढला. तेल मिळाल्याशिवाय मी उघडत नाही."

तिळू निघाली तुरूतुरू, तुरूतुरू.

"तेलोबा, तेलोबा, ओघळा ना!
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
पाणी उडेना,
माझी साखर सुटेना!"

"ओघळेन की. बिजागरी कशी सुळ्ळकन फिरेल! पण मी बाटलीत. केतकीताई उठल्याशिवाय मी ओघळत नाही."

केतकीताईची परीक्षा जवळ आली होती. तिचं डोकं पुस्तकात होतं.

"केतकीताई, केतकीताई, उठ ना!
तेल ओघळेना,
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
पाणी उडेना,
माझी साखर सुटेना!"

"थांब गं. माझी उजळणी चाललीय. हा प्रश्न सुटल्याशिवाय मी उठत नाही."

"कुठला प्रश्न?"

"साखर पाण्यात विरघळली. पाणी उडून गेलं. मागे काय राहिलं? पाठ केलं होतं, पण मेलं आठवेल तर शपथ!"

तिळू विचार करू लागली. पाणोबा काय बरं म्हणाले होते?

"साखर! मागे राहते साखर!"

"खरंच? चल, बघूया!"

मग काय! ताई उठली. तेल ओघळलं, टिप टिप टिप. खिडकी उघडली, सुळ्ळकन! ऊन आलं, थेट बशीत. पाणी उडू लागलं. हळूहळू, हळूहळू. ताई बघत बसली. तिळू बघत बसली.

दुपार सरली. बशी कोरडी झाली. तळाला काहीतरी चकाकलं. दाणा नव्हता तो, बारीक बारीक कण होते. तिळूनं चाखून बघितलं. गोड!

आता डब्याची वाट मोकळी होती. तिळूनं डब्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग आपले कण उचलले आणि निघाली तुरूतुरू, तुरूतुरू. ती भिंतीत शिरली, तेव्हा कुठे ताईनं बशीत पुन्हा पाणी ओतलं.

"ताई, साखर हरवली होती?" तिळूची गोष्ट ऐकून बाळभावानं विचारलं.

"हरवली नव्हती रे. नुसती दिसत नव्हती."

तिळूची साखर बाळाच्या पोटात,
आपली गोष्ट आपल्या ओठात.