बुजवलेल्या खिडक्या

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. तिथं राजाचा विणकामाचा एक कारखाना होता. त्याच्या खिडक्या भर चौकात उघडायच्या, आणि चौकात काय नसायचं! कळसूत्री बाहुल्या, डोंबारी, भांडणं, गावभरच्या गप्पा. विणकरांचा एक डोळा धाग्यावर आणि दुसरा बाहेर. काम आपलं रेंगाळायचं.

अशात राजकन्येचं लग्न ठरलं. दोन महिन्यांत अकरा शेले हवे होते. राजानं बजावलं, शेले वेळेत झाले नाहीत तर कारखान्याला कायमचं टाळं लागेल.

कारखान्याचा कारभारी घाबरला. त्यानं एका दिवसात सगळ्या खिडक्या विटांनी बुजवल्या आणि आत समया लावल्या. स्वतः मात्र पाहणीच्या नावाखाली दिवसातून चारदा चौकात जाऊन यायचा. वरची माणसं तेव्हाही अशीच होती बरं का!

आता तरी काम झपाट्यानं व्हावं की नाही? छे! बाहेर ढोलकी वाजली की कुणाला तहान लागायची, कुणाचं पोट दुखायचं. महिन्याभरानं कसाबसा पहिला शेला उतरला. कारभाऱ्यानं तो कौतुकानं उन्हात नेला आणि मटकन खालीच बसला. पदरावरच्या मोरांच्या माना हिरव्यागार झाल्या होत्या.

कारखान्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या विणकरणीला सगळे आत्या म्हणायचे. ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"कारभारी, समईच्या उजेडात निळा आणि हिरवा सारखाच दिसतो. तुम्ही आमचं बघणं बंद करायला गेलात आणि उजेडच बंद करून बसलात."

"मग करू काय, आत्या? खिडक्या उघडल्या की तुम्ही चौक बघत बसणार. आणि कारखाना बंद झाला तर एवढी घरं खाणार काय?"

"खिडक्या उघडा आणि माग फिरवून मांडा. आमची पाठ चौकाकडे, उजेड खांद्यावरून धाग्यावर. दुपारी खेळ रंगतो तेव्हा मात्र घटकाभर मनसोक्त बघू द्या. चोरून बघण्यातच जास्त वेळ जातो हो. मीच आज तीनदा पाणी प्यायला उठले."

कारभाऱ्याला हे पटायला एक रात्र लागली. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं पहिली वीट काढली. सुरुवातीला माना वळायच्या, नाही असं नाही. पण दुपारी पोटभर बघायला मिळणार हे ठाऊक झाल्यावर माना आपोआप सरळ झाल्या. हात असे चालू लागले की आत्यालाही नवल वाटलं.

बिघडलेला शेला बाजूला ठेवूनही लग्नाच्या आदल्या दिवशी अकरावा शेला उतरला. राजानं तो उन्हात धरला. मोरांच्या माना निळ्याशार होत्या. कारखाना चालूच राहील, असं राजानं सगळ्यांसमोर सांगितलं. कारभाऱ्याच्या जिवात जीव आला. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू त्याला तिथंच फुटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

तात्पर्य: विरंगुळ्याला हक्काची वेळ दिली, की माणूस उरलेला वेळ आपणहून कामाला देतो.